शार्क दिसण्याची हमी कशाला हवी?

पुण्याला समुद्र नाही, तरी पाण्याखाली जायला शिकणाऱ्यांची इथे आता वाण नाही. शनिवार-रविवारी टँकमध्ये उतरून मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर म्हणजे हवा पुरवणारं उपकरण तोंडातून सोडून पुन्हा घेणं, पाण्यात एका जागी स्थिर राहणं हे घोटून घ्यायचं. मग रात्रीची बस धरून मालवण किंवा मुरुडेश्वर गाठायचं आणि तारकर्लीला नाहीतर नेत्राणी बेटाजवळ खुल्या समुद्रातल्या डाइव्ह पुऱ्या करायच्या. डायव्हरचं प्रमाणपत्र-कार्ड हातात आलं की पुढचं नाव अंदमानचं आणि त्याच्या पुढचं शार्कचं. मालदीव, फिजी, मेक्सिको. अशा सहलींची माहिती घ्यायला जमलेल्या मंडळींत पूर्वी कुणीतरी हमखास विचारायचं, “चावत नाहीत ना?” आता विचारतात, “नक्की दिसतील ना?”

भीती मागे पडून उत्सुकता पुढे आली याचा मला आनंदच आहे. पण जंगली जनावर ठरल्या वेळी, ठरल्या जागी दिसायलाच हवं असेल तर त्याला काहीतरी खायला घालावं लागतं. आणि तिथे माझा विरोध सुरू होतो. आमिष टाकून दाखवलेल्या शार्कवर आपण पैसे खर्च करू नयेत, ही प्रथा भारतात रुजण्याआधीच डायव्हिंगच्या परवान्याच्या अटींत तिला मनाई लिहून टाकावी, आणि डायव्हिंगमधून येणारा पैसा आपल्याच किनाऱ्यावरच्या शार्कची पिल्लं वाचवायला वळवावा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी बुल शार्कबद्दल, कारण सगळ्या चर्चेत त्याचंच नाव सर्वांत जास्त दचकवतं. जाडजूड अंग, आखूड बोथट तोंड, त्या मानाने बारीक डोळे, आणि मोठी मादी तीन मीटरच्या पुढेही जाते. याचं वेगळेपण मात्र अंगापेक्षा मूत्रपिंडात आहे. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरू शकत नाहीत, त्यांच्या शरीरातल्या क्षारांचा तोल जातो. बुल शार्क पातळ मूत्र सोडून आणि क्षार धरून ठेवून हा तोल सांभाळतो. म्हणून तो ॲमेझॉनमधून थेट पेरूतल्या इकितोसपर्यंत पोचल्याची नोंद आहे, १९३७ साली मिसिसिपीतून वर जात इलिनॉय राज्यातल्या ऑल्टनजवळ सापडल्याचीही आहे. निकाराग्वाच्या सरोवरात तो असतो, आफ्रिकेच्या दक्षिणेला त्याला झांबेझी शार्क म्हणतात. त्याच्या माद्या खाड्यांच्या, नदीमुखांच्या आसपास वितात, कारण तिथल्या उथळ, गढूळ पाण्यात मोठे शिकारी कमी फिरतात.

तीच खाडी माणसाचीही असते. तिथे आपण जाळी टाकतो, पोहतो, वाळू काढतो, होड्या लावतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, मग हालचालीवर आणि वासावर झडप घातली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या तरुणासमोर उभं राहून “शार्क निरुपद्रवी असतात” असं म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या फिरत असताना गावकऱ्यांना शहरातून जाऊन “बिबट्या काही करत नाही” असं ऐकवणारा माणूस जितका बेजबाबदार, तितकेच शार्कला कुरवाळतानाचे व्हिडिओ टाकून भीती मोडली म्हणणारे. मोठ्या दातांच्या जनावराची भीती वाटणं शहाणपणाचं आहे. फक्त ती भीती कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे नीट ओळखायला हवं.

स्कूबा करणाऱ्यासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणाऱ्यासाठी, ती बरीच कमी लागू पडते. डायव्हर आकाराने मोठा, बुडबुड्यांचा आवाज करणारा आणि बहुधा स्वच्छ पाण्यात असलेला. शार्कला तो लांबूनच कळतो. अमेरिकेत फ्लोरिडात जगभरच्या शार्कहल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने न डिवचता झालेले चावे २०२४ मध्ये जगभरात ४७ नोंदले गेले, त्यांत मृत्यू चार. बरेचसे पोहणारे आणि लाटांवर खेळणारे. दुसऱ्या बाजूचा आकडा असा की मासेमारीत माणसाच्या हातून दरवर्षी आठ कोटींच्या आसपास शार्क मरतात, असा अंदाज २०२४ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला.

आमिषाशिवाय शार्क भेटतो कसा, ते थोडं सविस्तर सांगते, कारण आमिष नसेल तर काही दिसतच नाही असा एक समज पसरवला जातो. मालदीवमध्ये दोन प्रवाळरांगांच्या मध्ये समुद्राचे कालवे असतात. भरतीचं पाणी आत यायला लागलं की त्या कालव्याच्या तोंडाशी, पंचवीसेक मीटर खोलीवर, खडकाच्या कडेला धरून थांबायचं. प्रवाह इतका जोरात असतो की मान वळवली तर मास्क कंप पावतो. सुरुवातीला समोर नुसती निळाई. मग त्या निळाईत एक करडी रेघ, मग तिच्या मागे आणखी तीन-चार. ग्रे रीफ शार्क प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ शेपटी न हलवता तरंगत असतात. ते आपल्यासाठी आलेले नसतात. प्रवाह त्यांना तिथे आणतो, आपल्यालाही तोच आणतो, इतकाच संबंध.

अशा वेळी डायव्हरला वाचावं लागतं. ग्रे रीफ शार्क धोका देण्याआधी बजावतो, हे १९७० च्या दशकातच नोंदलं गेलं आहे. तोंड वर उचललं जातं, पाठ कमानीसारखी वाकते, छातीचे पर खाली पाडले जातात आणि पोहणं तुटक, हिसके दिल्यासारखं होतं. हे दिसलं की त्याची वाट मोकळी करून, त्याच्यावरची नजर न हटवता, हळूहळू मागे सरायचं. पाठ फिरवून पाय झाडत पळायचं नाही. हात अंगालगत, चकाकणारं काही नको, खडक पाठीशी, सोबती बाजूला. पाणी गढूळ असेल, तिन्हीसांजा झाल्या असतील किंवा जवळ कुणी मासे साफ करत असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. हे सगळे नियम एका गोष्टीवर उभे आहेत, की ते जनावर आपल्याशी कसं वागेल हे ते स्वतः ठरवणार आणि आपण ते ओळखून वागायचं.

आता आमिषाची डाइव्ह. मेक्सिकोच्या प्लाया देल कार्मेन गावासमोर नोव्हेंबर ते मार्च या काळात बुल शार्कच्या माद्या येतात, त्यांत गाभण्या बऱ्याच. त्या तिथे आपसूक येतात, आमिष नसतानाही. तरीही अनेक डाइव्ह अशा होतात की वाळूवर डायव्हरना ओळीने गुडघे टेकवून बसवायचं, पुढे पोलादी कड्यांचा अंगरखा घातलेला माणूस, त्याच्याजवळ माशांच्या तुकड्यांचा डबा. तो तुकडा पुढे करतो, शार्क येतो, घेतो, वळतो. कॅमेरे चालू. पाऊण तासात शंभर फोटो.

मेक्सिकोला जाऊन आलेल्यांकडून मी याची वर्णनं पुष्कळ ऐकली आहेत आणि ती सगळी एकसारखी असतात, हीच माझी पहिली तक्रार आहे. कुणी सांगत नाही की शार्कने आपल्याला पाहिल्यावर काय केलं, कुठून आला, किती वेळ लांब राहिला, काय पाहून बिथरला. तो डब्यासाठी आला होता. डायव्हर त्याच्यासाठी वाळूवरचा दगड होता. म्हणजे ज्या भेटीतून भीती नीट समजून घेता आली असती, ती भेट झालीच नाही.

दुसरी तक्रार धोक्याची. खायला घातल्याने शार्कचं वागणं कायमचं बदलतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मी ते आहे असं भासवणार नाही. काही ठिकाणी शार्क हंगाम आला की आमिष सोडून निघून जातात, असंही आढळलं आहे. पण पाण्यात रक्त आणि तुकडे असताना, भुकेची चढाओढ चालू असताना, माणसाचा पाय मधे आला तर काय होईल यासाठी अभ्यासाची गरज नाही. २००८ साली बहामाच्या पाण्यात पिंजऱ्याशिवाय चाललेल्या आमिषाच्या डाइव्हमध्ये एका ऑस्ट्रियन डायव्हरचा पायाला चावा बसून मृत्यू झाला. तो बुल शार्क असावा असं मानलं जातं. त्या डायव्हरना नेणारी बोट फ्लोरिडाहून निघाली होती. फ्लोरिडाने २००२ पासून आपल्या पाण्यात डायव्हरनी मासे खाऊ घालण्यावर बंदी आणली, म्हणून हा धंदा पलीकडच्या देशात गेला होता. एकाने दार लावलं आणि शेजाऱ्याने उघडं ठेवलं की असंच होतं. त्यासाठीच आपल्याकडे दार आधी लावायला हवं.

एप्रिल २०२५ मध्ये इस्रायलमध्ये हदेराजवळ जे घडलं त्यात डायव्हिंगचा धंदाही नव्हता. तिथल्या वीजकेंद्राचं कोमट पाणी समुद्रात येतं तिथे हिवाळ्यात शार्क गोळा होतात. लोक बघायला जमू लागले, जवळ जाऊ लागले, कुणी खायलाही घालू लागले. अखेर पाण्यात असलेला एक माणूस जिवानिशी गेला. त्या शार्कना जात म्हणून कुणी फारसं धोक्याचं समजत नव्हतं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार उत्तर फिजीकडून मिळतं आणि ते मी टाळणार नाही. विती लेवू बेटाच्या दक्षिणेला शार्क रीफ नावाची राखीव जागा आहे. तिथे बुल शार्कना हाताने भरवलं जातं. पण त्याच्याच जोडीला आसपासच्या गावांनी तिथला मासेमारीचा आपला परंपरागत हक्क सोडला आणि बदल्यात प्रत्येक डायव्हरमागे ठरावीक शुल्क गावाला मिळू लागलं. मासे परत आले, शार्क टिकले, गावातली मुलं तिथेच डाइव्ह मार्गदर्शक झाली. हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातलं नेमकं काय कामी आलं हे पाहिलं पाहिजे. शार्क वाचले ते गावाशी झालेल्या करारामुळे. भरवणं हे त्या कराराचं दुकान होतं, पाया नव्हे. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, ती बंदी घालताना कालव्यांत आपसूक दिसणाऱ्या शार्कची पर्यटनातली किंमत त्यांना ठाऊक होती. मालदीवमध्येही फुवामुलासारख्या ठिकाणी टायगर शार्कना ट्यूनाची मुंडकी टाकली जातात, ते मला तितकंच खटकतं.

आपल्याकडे कुठे शार्कना भरवण्याचा धंदा चालतो असं माझ्या पाहण्यात नाही. त्याची पहिली पायरी मात्र आहे. कोकणात पर्यटकाला पाण्यात उतरवलं की त्याच्या हातात ब्रेडचा तुकडा देतात, अंगावर पट्टे असलेल्या माशांचा घोळका तोंडासमोर येतो, गाइड व्हिडिओ काढतो. पर्यटक खूश, कारण मासे नक्की दिसले. हौशी पर्यटक बदलला आणि खिसा मोठा झाला की ब्रेडच्या जागी माशाचं मुंडकं यायला फार वेळ लागणार नाही. लक्षद्वीपकडे पर्यटनाचा ओघ वाढवायचं घाटतंय, तिथे तर शार्क आहेतच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे. पाण्याखाली कुठल्याही माशाला खायला घालणार नाही, ही एक ओळ डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंगच्या प्रत्येक परवान्यात सक्तीने यायला काय हरकत आहे? याला निधी लागत नाही, समिती लागत नाही.

पण केवळ एवढ्यावर थांबलो तर आमचं प्रेम परदेशी शार्कपुरतंच आहे असं होईल. पुण्यातल्या मालवणी खानावळींत मोरीचं मटण आवडीने खाल्लं जातं. मोरी म्हणजे लहान मुशी, म्हणजे शार्कच. जे लोक एका बुल शार्कसाठी लाखाच्या वर खर्च करतात, त्यांतल्या अनेकांनी हे ताट पुढ्यात घेतलेलं असतं, आणि दोन्हींत एकच जनावर आहे हे त्यांच्या डोक्यातही येत नाही.

गणेश पेठेच्या मासळी बाजारात सकाळी मुशीचा ढीग असेल तर थोडं वाकून बघा. कातडीवरून डोक्याकडे बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. कानशिलामागे कल्ल्यांच्या पाच चिरा. काही नगांचं नाक चपटं आणि अंग आखूड. ती स्कॉलिओडॉन जातीची छोटी मुशी, आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळणारी, तिची पूर्ण वाढच तेवढी असते. पण त्याच ढिगात कधी हातोडीसारख्या डोक्याची कानमुशी असते, कधी परांच्या टोकाला काळं असलेली. त्यांना उताणं करा. छातीच्या दोन परांच्या मध्ये एक बारीक, न मिटलेली फट दिसेल. ती नाळ तुटल्याची खूण आहे. या जातीचे शार्क अंडी घालत नाहीत, आईच्या पोटात नाळेवर वाढतात, आणि ती जखम भरून यायला जन्मानंतर काही आठवडे लागतात. जखम उघडी असेल तर ते पिल्लू नुकतंच जन्मलेलं होतं.

ही पिल्लं का महाग पडतात हे हिशेबात येतं. बुल शार्कची मादी वयात यायला दहाहून जास्त वर्षं घेते, दहा-अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी फार तर बारा-तेरा पिल्लं देते. कानमुशीतल्या एका मोठ्या जातीला आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे. बांगडा-तारली एका हंगामात भरून निघतात, यांचं तसं नाही. कायदे झाले नाहीत असंही नाही. २००१ मध्ये बहिरी म्हणजे व्हेल शार्क आणि आणखी काही जातींना संरक्षण मिळालं, २०१३ मध्ये पर कापून धड फेकण्याला चाप बसला, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली, २०२२ मध्ये पनामात बुल शार्कचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आलं. यातला मोठा भाग परांविषयी आणि परदेशी व्यापाराविषयी आहे. पुण्यातल्या ताटाला त्याचा धक्का लागत नाही.

यात कोळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला अजिबात मान्य नाही. मुशीसाठी म्हणून जाळं टाकणारे थोडे. ती पापलेट-सुरमईच्या जाळ्यात येते, आणि आलेली मासळी परत टाकायला डिझेलचा खर्च परवानगी देत नाही. म्हणून उपाय पैशाचाच हवा. तो नवा शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून योजना आहे, की संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. व्हेल शार्क, कासवं यामुळे जिवंत सुटली आहेत. ही योजना मोठ्या जातींच्या मुशींची जिवंत पिल्लं आणि गाभण माद्यांपर्यंत न्यावी. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याच वाटेने मोठ्या जातींच्या मुशींचाही विचार व्हावा. हेही खरं की जाळं वर येईपर्यंत पिल्लू अनेकदा मेलेलं असतं, त्यामुळे विण्याच्या दिवसांत काही खाड्यांच्या तोंडाशी जाळंच न टाकणं हा खरा उपाय आहे. कुठली खाडी, कुठले दिवस, हे मत्स्यखात्याच्या कचेरीपेक्षा तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांना चांगलं माहीत असतं. त्यांना विचारा, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या.

खाडीशी पुण्याचा काय संबंध असं कुणाला वाटत असेल तर मुळशी धरण आठवावं. त्याचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याच्या खाडीत जातं. कोकणच्या खाड्यांत काय जातं आणि त्यांतून काय निघतं यात घाटावरची माणसं पूर्वीपासून भागीदार आहेत.

पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न येणारच. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक छोटं शुल्क ठेवा आणि ते थेट त्या गावांच्या मच्छीमार संस्थांकडे द्या, जाळं न टाकलेल्या दिवसांच्या बदल्यात. आधी एकाच खाडीत, एकाच हंगामापुरतं. पुण्यातल्या डायव्हिंग गटांनी सरकारची वाट पाहू नये, आपल्या पुढच्या सहलीच्या खर्चात ही रक्कम आजच धरावी. परदेशी सहल ठरवताना आयोजकाला लेखी विचारावं, की आमिष वापरता का. उत्तर “हो” आलं तर दुसरा आयोजक शोधावा. आणि नेत्राणीला, अंदमानात, लक्षद्वीपला शार्क दिसला तर नुसता फोटो न टाकता जात, अंदाजे लांबी, खोली, तारीख आणि पाण्याची पारदर्शकता लॉगबुकात लिहून ती नोंद अभ्यासकांपर्यंत पोचवावी. दिसला नाही तर तेही लिहावं, कारण न दिसण्याच्या नोंदी कुणी ठेवतच नाही.